पॉटकेटची तेहेतीस डावांची मॅच

नकाशाचं पुस्तक हाताशी असेल तर अमेरिकेचं पान उघडा पाहू. उजवीकडे, अटलांटिक महासागराच्या काठावर न्यूयॉर्क सापडेल. तिथून बोट ईशान्येकडे, बॉस्टनच्या दिशेने सरकवा. वाटेत ऱ्होड आयलंड नावाचं एक इवलंसं राज्य लागतं. अमेरिकेच्या ५० राज्यांत हे आकाराने सर्वांत लहान. इतकं लहान, की त्याचं नाव छापायला नकाशात जागा पुरत नाही. बिचारं बहुतेक वेळा समुद्रात छापलेलं असतं! या राज्यात ब्लॅकस्टोन नदीच्या काठी पॉटकेट नावाचं गाव आहे. शाळेच्या नकाशात ते शोधू नका, मिळायचं नाही. पण बेसबॉलवर प्रेम करणाऱ्या कुणाही अमेरिकन माणसापुढे या गावाचं नाव काढा, तो हसून म्हणेल, "हो, ती ३३ डावांची मॅच!"

पॉटकेट हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. अर्थ : नदीचा धबधबा. याच धबधब्याच्या जोरावर चाक फिरवून सॅम्युअल स्लेटर नावाच्या माणसाने १७९३ साली इथे सूत कातणारी गिरणी उभी केली. अमेरिकेतल्या कापडगिरण्यांची सुरुवात झाली ती इथून. पुढे नदीकाठी गिरण्याच गिरण्या झाल्या. मग विसाव्या शतकात मालकांना दक्षिणेकडची राज्यं स्वस्त वाटू लागली आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. मुंबईच्या गिरणगावाची हकिगत तुमच्या आजोबांनी सांगितली असेल, तर अशा गावाची कळा कशी असते हे वेगळं सांगायला नको. गेलेल्या गिरण्या परत येत नसतात. पॉटकेटजवळ उरलं होतं एक मैदान आणि त्यावर खेळणारा एक संघ.

मैदानाचं नाव मॅकॉय स्टेडियम. टॉमस मॅकॉय हे गावचे महापौर. त्यांनी चक्क दलदलीच्या जागेवर स्टेडियम बांधायला घेतलं. लोकांनी टर उडवली, 'मॅकॉयचा मूर्खपणा' असं नावही ठेवलं. पण १९४२ साली मैदान तयार झालं. १९७३ पासून तिथे 'पॉटकेट रेड सॉक्स' हा संघ खेळू लागला. गावकऱ्यांनी लाडाने त्याचं 'पॉसॉक्स' केलं.

आता बेसबॉलविषयी थोडं. क्रिकेटसारखीच बॅट आणि बॉल, पण बॅट गोल दांडक्यासारखी. बॉल टाकणारा तो पिचर, आणि बॉल टप्पा न पाडता थेट टाकायचा. एका डावात दोन्ही संघांनी एकेकदा बॅटिंग करायची. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. असे नऊ डाव. आणि लक्षात ठेवा, बेसबॉलमध्ये सामना बरोबरीत सोडायची सहसा पद्धत नाही. नऊ डावांनंतर धावा सारख्या असतील तर दहावा डाव, मग अकरावा, मग बारावा... निकाल लागेपर्यंत.

पॉसॉक्सचा संघ 'मायनर लीग' म्हणजे धाकट्या लीगमधला. आज मोठ्या लीगचे ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार-चार धाकटे संघ. म्हणजे झाले १२०. (या धाकट्या संघांची नावं मोठी गमतीची असतात. टोलिडो गावाच्या संघाचं नाव 'पाणकोंबड्या', तर माँटगोमेरीचा संघ 'बिस्किटं'!) ही एक शिडी आहे म्हणा ना. खालच्या पायरीवरून सुरुवात करायची आणि चांगलं खेळत वरवर चढायचं. सर्वांत वरची पायरी 'ट्रिपल ए'. तिच्यावरून पुढचं पाऊल थेट मोठ्या लीगमध्ये. पॉसॉक्स याच पायरीवर होते आणि त्यांचा मोठा भाऊ होता बॉस्टन रेड सॉक्स. एका पायरीचा फरक, पण पैशात बघा. २०२३ साली मोठ्या लीगच्या खेळाडूला वर्षाला कमीत कमी ७,२०,००० डॉलर मिळत होते. ट्रिपल एच्या खेळाडूला कमीत कमी ३५,८००. आणि हा आकडासुद्धा, खेळाडूंच्या संघटनेने त्या वर्षी करार करून घेतला म्हणून. त्याआधी याहून कितीतरी कमी मिळायचं.

या शिडीवर आपल्या देशाची मुलंही चढली होती बरं का! उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे खेळाडू. २००८ साली वेगाने चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, त्यातून पिट्सबर्गच्या संघाने त्यांना निवडलं. दोघेही धाकट्या लीगमध्ये खेळले. मोठ्या लीगपर्यंत मात्र पोचले नाहीत.

धाकट्या लीगचा मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत चालतो. सामने किती? १९८१ साली पॉसॉक्सच्या लीगमध्ये आठ संघ होते आणि प्रत्येकाला १४० सामने! आपला रणजी संघ एका मोसमात आठ-दहा सामने खेळतो, ते आठवा. म्हणजे जवळजवळ रोज मॅच. आज घरी, परवा दुसऱ्या राज्यात.

या मोसमातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती, सांगू? इथल्या प्रत्येक खेळाडूला इथून जायचं असतं. मन लावून खेळायचं ते वरून बोलावणं यावं म्हणून. जो चांगला खेळतो त्याला बॉस्टन घेऊन जातं, आणि पॉटकेटच्या हातात दुसरा नवखा मुलगा येतो. जूनमध्ये ज्याच्या नावाने ओरडून घसा बसला, तो जुलैत दिसेलच असं नाही. वरून कधी कुणी खालीही येतो. दुखापत झालेला, किंवा खेळ बिघडलेला. गावकऱ्यांनी तरीही प्रत्येकावर तेवढाच जीव लावायचा. मला वाटतं, आपल्यातल्या पुष्कळांना हे जमलं नसतं.

लहान मुलांची तर इथे एक खास युक्ती होती. मॅकॉय स्टेडियममध्ये खेळाडूंची बसायची जागा खाली आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या तिच्या वर. सही घ्यायची कशी? मुलं दुधाचा प्लॅस्टिकचा रिकामा कॅन घ्यायची, त्याला कापून भोक पाडायची, आत बॉल आणि पेन ठेवायची आणि कॅन दोरीने खाली सोडायची. गळ टाकून बसतात तसं! खालून खेळाडू बॉल काढून घ्यायचा, सही करायचा, दोरीला हिसका द्यायचा. की ओढलाच वर. याला तिथे 'सही पकडणं' म्हणत. पुढे ज्यांची नावं देशभर गाजली अशा किती खेळाडूंच्या सह्या या कॅनमधून वर गेल्या असतील!

आता ती प्रसिद्ध मॅच. तारीख १८ एप्रिल १९८१, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टरचा सण. पाहुणा संघ रोचेस्टरचा. दिव्यांनी थोडा दगा दिला म्हणून खेळ अर्धा तास उशिरा, रात्री आठला सुरू झाला. प्रेक्षक १,७४०. थंडी कडाक्याची, आणि वारा असा उलटा की उंच मारलेला बॉल मैदानात परत यायचा. सातव्या डावात रोचेस्टरची एक धाव झाली. नवव्यात पॉटकेटने ती फेडली. एक-एक. आता जादा डाव.

दहा, अकरा, बारा... मध्यरात्र झाली. लीगचा नियम होता की रात्री १२ वाजून ५० मिनिटांनंतर नवीन डाव सुरू करायचा नाही. पण गंमत अशी, की पंचांजवळच्या नियमपुस्तकात नेमकं तेच कलम छापलेलं नव्हतं! पुस्तकात नाही म्हणजे नियम नाही, असं म्हणून पंचांनी खेळ चालू ठेवला. एकविसाव्या डावात रोचेस्टरने एक धाव काढली. झालं, आता घरी जायचं! पण पॉटकेटच्या वेड बॉग्जने बॉल असा फटकावला की पुन्हा बरोबरी. त्याच्या स्वतःच्या सोबत्यांनाही कळेना, की याला मिठी मारावी की बदडावं.

खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी आणि बाकाच्या फळ्या पिंपात घालून शेकोटी पेटवली. पॉटकेटचा लुईस अपाँटे नावाचा पिचर आपलं काम उरकून उत्तररात्री घरी गेला. बायको दार उघडेना! इतका वेळ मॅच चालली यावर विश्वास कोण ठेवणार? तो म्हणाला, उद्याचा पेपर बघ. पण मॅच इतकी लांबली होती, की रविवारच्या पेपरात तिची बातमीच आली नाही. बिचारा!

शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोन लागला. त्यांनी आताच्या आता थांबवा म्हणून हुकूम दिला. तेव्हा बत्तीसावा डाव संपला होता आणि घड्याळात पहाटेचे ४ वाजून ७ मिनिटं झाली होती. धावा दोन-दोन. स्टेडियमभर मिळून प्रेक्षक उरले होते फक्त १९. त्यात वडिलांबरोबर आलेला एक शाळकरी मुलगाही होता. क्लबने या सगळ्यांना फुकट पास देऊन त्यांचा मान केला. खेळाडूंना मात्र मान नाही न् काही नाही. त्याच रविवारी त्यांना पुन्हा मैदानात उतरायचं होतं.

उरलेली मॅच २३ जूनला खेळवली गेली. त्या वेळी मोठ्या लीगच्या खेळाडूंचा संप चालू होता, त्यामुळे देशभरचे बातमीदार या छोट्या गावात येऊन थडकले. ५,७४६ प्रेक्षक जमले. आणि खेळ किती वेळ चालला? १८ मिनिटं! तेहेतीसाव्या डावात पॉटकेटच्या डेव्ह कोझाने फटका मारला, मार्टी बॅरेट धावत घरी आला, आणि तीन-दोन अशी मॅच संपली. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधली ही सर्वांत लांब मॅच. हा विक्रम आता मोडणंही कठीणच. कारण २०१८ पासून धाकट्या लीगमध्ये जादा डावाला एक खेळाडू आधीच दुसऱ्या बेसवर उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो.

त्या रात्री मैदानावर जे होते, त्यातला वेड बॉग्ज धाकट्या लीगमध्ये सहा वर्षं घालवून १९८२ साली बॉस्टनला गेला आणि थोर फलंदाज ठरला. रोचेस्टरकडून खेळणारा २० वर्षांचा कॅल रिपकेन पुढे मोठ्या लीगमध्ये सलग २,६३२ सामने खेळला. आणि ज्याने मॅच जिंकून दिली तो डेव्ह कोझा? त्याला मोठ्या लीगमध्ये एकही सामना मिळाला नाही. त्याचं सगळं नाव पॉटकेटमध्येच झालं.

बेन माँडर नावाच्या गृहस्थांनी १९७७ साली हा डबघाईला आलेला क्लब विकत घेतला होता. त्यांनी तिकिटं स्वस्त ठेवली, मैदान नीटनेटकं केलं. पहिल्या वर्षी मोसमभरात साधारण ७०,००० माणसं आली होती. २००५ साली ६,८८,४२१ आली. २०१० मध्ये माँडर वारले. २०१५ साली क्लब नव्या मालकांकडे गेला. त्यांना नवं स्टेडियम हवं होतं. त्यासाठी सरकारने किती पैसा घालायचा यावर तीन वर्षं वाद चालला, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी जाहीर केलं : संघ वूस्टरला जाणार. वूस्टर हे शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं शहर. ब्लॅकस्टोन नदी तिथेच उगम पावते आणि वाहत पॉटकेटला येते. संघ मात्र उलटा, नदीच्या वरच्या अंगाला निघाला.

२०२० चा मोसम हा निरोपाचा ठरला होता. तोही करोनाने नेला. धाकट्या लीगचा एकही सामना त्या वर्षी झाला नाही. तेव्हा क्लबने मैदानातल्या हिरवळीवर टेबलं मांडली आणि लोकांना जेवायला बोलावलं. इतकी वर्षं वरच्या खुर्च्यांतून पाहिलेल्या गवतावर बसून गावकऱ्यांनी जेवण केलं, आणि तोच निरोप समारंभ झाला. २०२१ पासून संघ वूस्टरला नव्या मैदानावर खेळू लागला.

मॅकॉय स्टेडियमचं पाडकाम २०२५ साली सुरू झालं. २०२२ मध्येच पॉटकेटच्या मतदारांनी तिथे काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. गावातली दोन हायस्कुलं एकत्र करून त्या जागी एक मोठी नवी शाळा बांधायची. त्यासाठी ३३ कोटी डॉलरचं कर्ज काढायला लोकांनी मत दिलं. मी स्वतः शाळेत शिकवत असल्यामुळे, मैदान गेल्याचं वाईट मला जरा कमी वाटतं. जराच हं! ज्या जागेवर पहाटे चारपर्यंत बॅटिंग चालली होती, तिथे नऊ वाजता हजेरी घेणं त्या शिक्षकांना सोपं जाणार नाही.