‘जवळजवळ’ गोल

गेल्या मार्चमध्ये पुण्याला बाबांच्या हृदयाची झडप बदलली. त्याच दिवसांत मी इथे तोक्योत एका पेटंट-वादाच्या कागदपत्रांचं भाषांतर करत होते. विषय नेमका तोच: कॅन्युला.

अशा शस्त्रक्रियेत हृदय थांबवतात. एका नळीने रक्त हार्ट-लंग मशीनकडे जातं आणि प्राणवायू घेऊन दुसऱ्या नळीने महाधमनीत परततं. या नळ्या म्हणजे कॅन्युला. परतणारी धार जोरात आदळली आणि धमनीच्या भिंतीवरचा थर सुटून मेंदूकडे गेला, तर पक्षाघात. म्हणून टोकाचा आकार, बाजूची भोकं, नळीची जाडी यांवर पेटंटं घेतात आणि भांडतातही.

माझं अडलं ‘र्‍याकु’ या शब्दावर. जपानी पेटंटांत त्याचा अर्थ ‘जवळजवळ’. भोक ‘जवळजवळ गोल’. मग समोरच्या कंपनीचं किंचित लांबट भोक त्यात येतं का? आमचा अशील परदेशी. लढायचं की तडजोड करायची, हे माझं इंग्रजी वाचून ठरणार होतं.

बाबा घरी आल्यावर फोनवर त्यांना हे सांगितलं.

“तुम्ही जिंकलात तर दुसरी नळी बंद?”

“हो, इथे तरी.”

“आणि एखाद्या डॉक्टरला तीच हवी असली तर?”

शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर जपानमध्ये पेटंट मिळत नाही. उपचार करताना डॉक्टरला खटल्याची धास्ती नको, असं तोक्यो उच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलं. भारताचा कायदाही शस्त्रक्रियेला पेटंट देत नाही. पण हातातल्या नळीला दोन्हीकडे मिळतं, अर्जापासून २० वर्षं. हे सांगताना मला वाटलं, बाबा चिडणार.

बाबांचा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला. ते म्हणाले, “मी केलेल्या जिगवर साहेबाचं नाव लागलं होतं. ज्याने भोकाचा विचार केला, त्याला त्याची वर्षं मिळू देत. फक्त त्याच्या पदरात जास्तीचं टाकू नकोस.”

मी ‘र्‍याकु’साठी ‘जनरली’ लिहिलं होतं. ऐसपैस, अशिलाला सोयीचं. त्या रात्री ते खोडून ‘सबस्टॅन्शियली’ केलं आणि खाली टीप दिली की या शब्दावर वाद होऊ शकतो.

पुढे तडजोड झाली. दोन्ही नळ्या बाजारात आहेत. बाबांना कुठली लावली होती, हे मी अजून विचारलेलं नाही. ते रोज सकाळी फिरायला जातात.