बेस कोणी वाजवला?

१ नोव्हेंबर २०२१ ला पॉर्क्युपाइन ट्री परत आले. २०१० च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शेवटची मैफल झाली होती, त्यानंतर अकरा वर्षं शांतता. आणि मग अचानक 'हॅरिडन' नावाचं आठ मिनिटांचं गाणं, आणि पुढच्या जूनमध्ये अख्खा अल्बम येणार ही बातमी. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर वर्षभर फक्त वाढदिवसाचे केक पडायचे. त्या संध्याकाळी मात्र तिथे लग्नघर झालं.

मी आर्णीत होतो. वर्क फ्रॉम होम. दिवाळीचा आठवडा, कापूस वेचणीचे दिवस, आणि नेट इतकं हळू की गाणं उघडायच्या आधीच मी त्याची माहिती वाचली. तीन नावं होती. गाणारा आणि गिटार वाजवणारा स्टीव्हन विल्सन, कीबोर्डवर रिचर्ड बार्बिएरी, ड्रम्सवर गॅव्हिन हॅरिसन. चौथं नाव नव्हतं. कॉलिन एडविन, १९९३ पासूनचा बेसिस्ट, यादीत कुठेच नाही. बेस विल्सननेच वाजवलेला.

ग्रुपवर मी विचारलं, "कॉलिन कुठाय?" कोणीतरी खांदे उडवणारी इमोजी टाकली आणि गप्पा ड्रम्सवर गेल्या.

इथे सांगायला हवं की मी बेसिस्ट आहे. म्हणजे पुण्यात इंजिनिअरिंग करताना होतो. चौघांचा बँड, ज्याला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एनएच सेव्हन वीकेंडरला स्टीव्हन विल्सन पुण्यात आला तेव्हा आम्ही चौघं मेसचे पैसे वाचवून गेलो होतो. २००९ च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेले, तेव्हा मी आर्णीच्या शाळेत होतो आणि इंग्रजी गाणं म्हणजे टीव्हीवरची जाहिरात एवढीच माझी समज होती. हुकलेलं ते विल्सनला एकट्याला ऐकून भरून काढू, असा आमचा हिशोब.

लॉकडाऊनमध्ये मी गावी आलो आणि राहिलो. बाकी तिघं पुण्यात. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं, आम्ही तिसऱ्या वर्षाला बसवलेलं. मला ते तयार झाल्यावर कळलं, लिंक आली तेव्हा. बेस गिटारवाल्या मित्राने वाजवला होता. "अरे, तू लांब आहेस, म्हणून पटकन उरकलं." बरोबरच आहे. आर्णीहून पुणे लांबच आहे. पण ऑडिओ फाइलला बसचं तिकीट लागत नाही.

त्यामुळे 'हॅरिडन' मी जरा वाकड्या मनाने ऐकायला घेतलं. आणि गाणं सुरू होतं ते कशाने? बेसने. पहिलाच आवाज गैरहजर माणसाच्या वाद्याचा. पाच मात्रांची तुटक, उड्या मारणारी ओळ, तिच्याखाली हॅरिसनचे ड्रम्स. मला ती वाईट निघायला हवी होती. ती वाईट नव्हती. विल्सन बेस गिटारवाल्यासारखा वाजवतो, वरच्या सुरांत, अंगावर येत. कॉलिन तसा नव्हता. तो गोल, दबलेला, मागे बसलेला. 'इन अॅब्सेंशिया'मधली गाणी नुसत्या बेससाठी ऐका, घरात शांतपणे कोणीतरी सगळी कामं करून ठेवतंय असं वाटेल.

गाणं कसं जन्मलं तेही नंतर वाचलं. २०१२ च्या आसपास विल्सन हॅरिसनकडे गेला, तिथे पडलेला बेस उचलला आणि दोघं वाजवत बसले. त्यातून अल्बमची सुरुवात झाली. म्हणजे बेस कोणाकडून काढून घेऊन दुसऱ्याला दिला असं नाही, गाणीच बेसमधून निघालेली. हे वाचून मला समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

२४ जून २०२२ ला 'क्लोजर / कंटिन्युएशन' आला. सात गाणी, अठ्ठेचाळीस मिनिटं. नावातच मेख: हा शेवट आहे की पुढचा अंक, ते तुम्ही ठरवा. चाहत्यांनी ठरवलं, अर्थात प्रत्येकाने वेगवेगळं. एकाला तो २००९ च्या 'द इन्सिडेंट'मधून उरलेला माल वाटला. एकाला 'डिग्निटी' ऐकून रडू आलं, कारण त्यात जुना बँड सापडला. एकाच्या मते 'वॉक द प्लँक'मध्ये गिटारच नाही, मग हा बँड कसला? 'चिमेराज रेक' मात्र सगळ्यांना आवडलं, मलाही. नऊ मिनिटांहून मोठं, हळूहळू तापत जाणारं गाणं आहे ते.

मला या भांडणांत एक गंमत दिसते. प्रत्येकाचा खरा पॉर्क्युपाइन ट्री म्हणजे तो स्वतः एकोणीस-वीसचा असताना ऐकलेला. १९९५ च्या 'द स्काय मूव्ह्ज साइडवेज'वर वाढलेल्यांना २००२ ची जड गिटारं खुपली. २००२ वाल्यांना विल्सनचं एकट्याचं काम खुपलं. २०१७ मध्ये त्याने 'पर्मनेटिंग' हे आबाच्या वळणाचं नाचरं गाणं केलं तेव्हा तर काहींनी सुतकच पाळलं, आणि त्याने काय करावं, तर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्या गाण्यावर बॉलिवूड नाचणारे आणले. मला त्याचा हा खोडकरपणा आवडतो.

हे फक्त विलायती नाही. माझा ऑफिसातला एक सीनियर मुंबईच्या रॉक मशीनचा भक्त. १९८४ चा बँड, १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, १९९५ च्या अल्बमनंतर काही काळाने थांबला. मग थेट २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह'. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया जुने, बेस आणि ड्रम्सवर नवी माणसं. संगीत जास्त गुंतागुंतीचं, प्रोग्रेसिव्हकडे झुकलेलं. मला हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम वाटतो. सीनियरना विचारलं तर म्हणाले, "चांगलाय. पण 'टॉप ऑफ द रॉक' कुठाय?" १९८८ चं गाणं ते २०१२ च्या अल्बममध्ये शोधत होते.

आणि आमच्या घरी तरी काय वेगळं? बाबा खंजेरी वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, दर गुरुवारी, गेली तीसेक वर्षं. मंडळात एखाद्या तरुणाने ओळखीच्या भजनाला नवी चाल लावली की मागच्या रांगेतला एखादा बुवा पान खायच्या निमित्ताने उठतो तो परत येत नाही. वर्गणी मात्र देतो.

मोठ्या गाण्यांचं मला कधीच नवल वाटलं नाही, ते आर्णीमुळे. बाबा कंबलपोष यांच्या उर्साला रात्रभर कव्वाली चालते. एकच ओळ वीस मिनिटं घोळवायची, लय चढवायची, मध्येच सोडून द्यायची, परत पकडायची. 'अॅनेस्थेटाइझ' सतरा मिनिटांचं आहे म्हणून हॉस्टेलवरची पोरं वैतागायची, मला ते लवकर संपल्यासारखं वाटायचं.

अल्बम आला त्या शनिवारी मी ओट्यावर बेस घेऊन 'हॅरिडन' बसवत होतो. बाबा आले. थोडा वेळ मांडीवर बोटं आपटली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा धरलं.

"पाच हायेत," ते म्हणाले. "अर्धा झपताल झाला."

"हो."

"ह्या वाजवनारा कोन?"

"गाणाराच वाजवतो, बाबा. पहिले दुसरा होता. त्याले या वेळी घेतलं नाही."

"काहून? बिघडलं का त्यायचं?"

"तसं नाही. तो नव्हता तिथं, तर यांनी वाजवून घेतलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्याच्या गाण्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण घर लहान आहे आणि मी फोनवर मोठ्याने बोलतो.

"वाजवलं कसं पन त्यानं?"

"चांगलं वाजवलं."

"मंग पंचाइत हाय," ते म्हणाले आणि चहा मागायला आत गेले. तेवढ्यात लाइट गेली आणि अॅम्प्लिफायर बंद पडला. बाबा आतून ओरडले, "आन् तो पहिलेचा? घरी बसला का?"

कॉलिन एडविन घरी बसलेला नव्हता. त्याचा ओ.आर.के. नावाचा वेगळा बँड आहे, किंग क्रिमसनचा पॅट मॅस्टेलोटो ड्रम्सवर. २०२२ च्याच ऑक्टोबरात त्यांचा 'स्क्रीमनेझियम' आला. आमच्या ग्रुपवर त्याची कोणी दखल घेतली नाही. मी लिंक टाकली, एक अंगठा आला, तोही पुण्याच्या गिटारवाल्याचाच. दोन दिवसांनी त्याचा वेगळा मेसेज आला: "बेस भारी आहे बे. तिसरं गाणं ऐक." मी ऐकलेलं होतं. तरी परत लावलं.