सातांच्या मागची फौज

बारावीचा निकाल लागला की उपदेशाला ऊत येतो. मन लावून अभ्यास करा, संगत सांभाळा, ध्येय उच्च ठेवा ही वाक्ये निरोपसमारंभांतून आणि मामाकाकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकू येतात की मुलांना ती पाठच झालेली असतात. या वाक्यांशी आमचे भांडण नाही. मात्र शाळा संपून महाविद्यालय सुरू होते तेव्हा नेमके काय बदलते, याचा उलगडा त्यांतून होत नाही. नेसरी परिसरातल्या मुलांना मराठी शिकवताना या बदलाचे एक चांगले उदाहरण आम्हांला गावातच सापडले. तेच येथे मांडत आहोत.

नेसरी म्हटले की प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी बहलोलखानाच्या फौजेशी लढताना ते इथल्या खिंडीत पडले. कुसुमाग्रजांची कविता आणि तिला हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेली चाल यांमुळे हा प्रसंग महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. आमच्या भागातल्या पोराला पाढे येण्याआधी 'सात' हा आकडा ठाऊक असतो. शाळेत प्रश्न येतो, किती वीर दौडले? उत्तर येते, सात. गुण मिळतात आणि विषय संपतो.

महाविद्यालयात प्रश्न तेथून सुरू होतो. सात, हे कशावरून?

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली, म्हणजे घटनेला बरीच जवळची. तीत मोठे युद्ध झाल्याचे, प्रतापराव तरवारीच्या वारांनी ठार झाल्याचे आणि पुष्कळ माणसे पडल्याचे येते. सात स्वार येत नाहीत. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याने १६७४ च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रात मात्र दोन डोंगरांमधली अरुंद वाट आहे, प्रतापराव आहेत आणि त्यांच्यासह मारले गेलेले सहा स्वार आहेत. सहा अधिक एक, सात. त्या सहांची जी नावे आपण भक्तिभावाने घेतो, ती यांपैकी एकाही मजकुरात नाहीत.

हे वर्गात सांगितले की काही मुलांचे चेहरे उतरतात. आपल्या गावाचे काहीतरी हिरावून घेतले जात आहे असे त्यांना वाटते. तसे काहीच होत नसते. कवितेचे काम वेगळे, बखरीचे वेगळे, व्यापारी कंपनीच्या चाकराने वरिष्ठांना धाडलेल्या पत्राचे वेगळे. एकाच खिंडीकडे तिघे तीन ठिकाणांहून पाहत आहेत. कोण कोठे उभा आहे, कोणासाठी लिहितो आहे, हे ओळखता येणे म्हणजे उच्च शिक्षणाची सुरुवात. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, आमचा पहिला सल्ला एवढाच : 'किती?' या प्रश्नाचे उत्तर आले की थांबू नका, 'कशावरून?' असे विचारा. गाइडातल्या उत्तराला विचारा, मास्तरांना विचारा, आम्हांलाही विचारा. खरा शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर तो प्रश्न योग्य ठिकाणी लागला असे समजावे.

त्या पत्रात आणखी एक तपशील आहे आणि आम्हांला तो आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. प्रतापराव आणि ते सहाजण मारले गेले, कारण बाकीच्या फौजेची कुमक त्यांना मिळाली नाही, असे पत्र सांगते. कवितेला त्या दौडीत वेड दिसले. पत्राला मागची मोकळी जागा दिसली.

दरवर्षी जून-जुलैत आमच्या भागातली मुले गडहिंग्लजला, कोल्हापूरला, बेळगावला, काही थेट पुण्याला जातात. गुणपत्रिका चांगली असते, उमेदही असते. पहिल्या सहामाहीत त्यांतली बरीचशी वर्गात तोंड उघडत नाहीत. दुसऱ्या सहामाहीत काहींची हजेरी तुटते. कोणी गावी परतून दुकानात बसतो, कोणा मुलीचे लग्न ठरते, आणि सगळे म्हणतात, त्याला झेपले नाही, तिला जमले नाही. त्यांच्या मागे कोण होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

गप्प बसण्याचे एक कारण भाषा आहे. आमच्या भागातली मुलगी सहज म्हणते, 'मी आलो', 'मी जातो'. कोल्हापुरी बोलीचा हा रीतसर नियम आहे. प्रथमपुरुषी क्रियापद तेथे लिंगभेद करीत नाही. प्रमाण मराठीतही 'आम्ही आलो' हे स्त्रीपुरुष दोघेही म्हणतातच, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण परगावच्या वर्गात 'मी आलो' ऐकून एकदा हशा पिकला की ती मुलगी पुन्हा उत्तराला उठत नाही. भाषेच्या अभ्यासकाने ज्याची टिपणे करावीत, त्याची तिला लाज वाटू लागते.

म्हणून दुसरा सल्ला : प्रमाण भाषा मन लावून शिका, ती परीक्षेची, अर्जाची आणि मोठ्या वाचकवर्गाची भाषा आहे, पण आपली बोली एसटीत विसरून उतरू नका. याच गडहिंग्लज परिसरातले राजन गवस इथल्या बोलीला कादंबरीत घेऊन गेले आणि 'तणकट'ला २००१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या शब्दांना वर्ग हसला, ते शब्द पुढे अभ्यासक्रमात येऊ शकतात.

कागलच्या आनंद यादवांचे उदाहरण तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने वाचावे. 'झोंबी' (१९८७) ही शाळेसाठी घरच्या दारिद्र्याशी आणि वडिलांशी केलेल्या झगड्याची कथा. त्यापुढचा प्रवास 'नांगरणी'त येतो. साहित्याचे विद्यार्थी या पुस्तकांकडे ग्रामीण आत्मकथनाचा नमुना म्हणून पाहतात, ते ठीकच. पण एकदा ती वेगळ्या नजरेने वाचावीत : या मुलाला कोणत्या वळणावर कोणी हात दिला, याची यादी करीत. एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट किती जणांनी उचलून धरलेली असते, ते ध्यानात येईल.

ही कुमक योगायोगावर सोडू नये, हे राजर्षी शाहू महाराजांनी फार लवकर ओळखले होते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजातील अशा विविध विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा हुकूम १९१७ चा. म्हणजे खेड्यातून आलेल्या मुलाच्या राहण्याजेवणाची सोय त्याच्या सोळा वर्षे आधीची! पोराला नुसती हुशारी पुरत नाही, त्याला छप्पर, जेवण आणि सोबत लागते, हा त्यामागचा हिशेब होता. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी हाच विचार पुढे रयत शिक्षण संस्थेतून (१९१९) खेडोपाडी नेला.

तेव्हा तिसरा सल्ला : खिंडीत एकटे शिरू नका. वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिवाजी विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना यांची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करा. मदत मागणे हा कमीपणा नव्हे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. विषयांच्या टोपल्या आणि श्रेयांकांची गणिते आली आहेत. मित्राने घेतला म्हणून विषय घेऊ नका. आधी त्या विषयाचे एक पुस्तक चाळा, मग ठरवा. कोल्हापुरात गेलात तर करवीर नगर वाचन मंदिराचे सभासद व्हा. १८५० पासूनची ही संस्था आहे. पहिल्या महिन्यात निदान एका प्राध्यापकाला तुमचे नाव आणि तुमचे गाव ठाऊक झाले पाहिजे, असा नेम करा. पुढे-मागे तुमची हजेरी तुटली, तर 'तो नेसरीचा मुलगा कोठे आहे?' असे विचारणारे एक माणूस तरी तेथे असेल.

येथवर विद्यार्थ्यांशी बोललो. आता थोडे आपल्या व्यवसायबंधूंशी. पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जे मौन बसलेले असते, त्याला आपण बहुधा 'पातळी' असे नाव देतो. मुलांची पातळी घसरली, असे म्हटले की शिक्षकाची जबाबदारी संपते. त्या मौनापाशी जाऊन, तुझ्या गावात याला काय म्हणतात, एवढे विचारून पाहावे. कित्येकदा तेवढ्यानेच बांध फुटतो.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सातांचा गौरव आपण करीत आलो आहोत आणि करीत राहू. ते योग्यच आहे. पण त्या दिवशी जी फौज मागे राहिली, तिच्याविषयी कविता नाही. दर जूनमध्ये नव्या मुलांची तुकडी खिंडीकडे निघते, तेव्हा ती फौज म्हणजे आपणच असतो.