खरबुजा महाल

खरबुजा महाल पहिल्या भेटीत फारसा बोलत नाही. अंगानं गोलमटोल, उंचीनं बेताचा. भिंतींना खरबुजासारख्या फुगीर फाका, वरच्या घुमटालाही तशाच. बुऱ्हाणपुरात उतावली नदीच्या बाजूला तो आपला जोत्यावर बसून असतो. शहाजहानच्या काळातली इमारत म्हटल्यावर जो भव्यपणा डोळ्यांपुढे येतो, तो याच्यापाशी नाही. येणारा-जाणारा एक नजर टाकून पुढे जातो आणि महालही त्याला अडवत नाही.

त्याच्या अबोलपणामागे मोठं दुःख आहे. 1631 मध्ये याच शहरात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादेत दफन केलं आणि काही महिन्यांत तिचा देह आग्र्याला नेला. पुढं काय झालं ते जग जाणतं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1634 मध्ये, तिचा मुलगा शाह शुजा याची तरुण बायको बिल्किस बेगम हीसुद्धा बाळंतपणातच गेली. सासूसाठी ताजमहाल उभा राहिला, सून इथंच राहिली. तिला सांभाळायचं काम या महालाकडे आलं आणि ते तो आजही करतो आहे.

माझा मित्र रावेरचा, शाळेत चित्रकला शिकवतो. दरवर्षी मुंबईला जाऊन तो जहांगीर आर्ट गॅलरी पाहून येतो. या वेळी म्हणाला, "अरे, हाकेच्या अंतरावर एवढी चित्रं आहेत. ती कधी बघायची?" म्हणून एक दिवस बुऱ्हाणपुरासाठी काढला. सकाळी शाही किल्ल्यातल्या हमामाचं रंगवलेलं छत मान दुखेपर्यंत पाहिलं. तिथले रंग बरेच फिके पडलेत. मग अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याचा मकबरा पाहिला. काळ्या दगडामुळे लोक त्याला काळा ताज म्हणतात. तिथून महालाकडे आलो.

रखवालदारानं कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं तेव्हा आधी काहीच दिसेना. दारातून येईल तेवढाच उजेड. डोळे सरावले, तसा महाल बोलू लागला. खाली मधोमध कबर आणि तिच्याभोवती, भिंतींपासून घुमटापर्यंत, फुलंच फुलं. लाल, हिरवी, निळी. वेलींना वेली बिलगलेल्या. कोरी जागा शोधावी लागते. बाहेरून इतका साधा राहिलेला हा गृहस्थ आतून असा भरलेला आहे, हे पाहून आम्ही दोघंही गप्प झालो.

मित्र एका वेलीपाशी थांबला. "हे बघ. देठापासून टोकापर्यंत रेघ एका दमात ओढलीय, मध्ये हात थांबलेला नाही." मी वाकून पाहिलं. मुळाशी जाड असलेली रेघ वळणावर बारीक होत केसाएवढी उरली होती. ती ओढणाऱ्याचं नाव कुठंच नाही. जाणकार पाहुणे येतील असंही त्याला वाटलं नसेल. हे काम एका झाकलेल्या खोलीत, गेलेल्या माणसाच्या सोबतीसाठी होतं. तरीही त्यानं हात आखडला नाही. या महालाचा स्वभाव त्या कारागिराकडून आला आहे.

गॅलरीतली चित्रं काही दिवसांनी उतरतात, दुसरी लागतात, विकली जातात, परदेशीही जातात. या महालाची चित्रं त्याच्या कातडीवर आहेत. ती कुठं नेता येत नाहीत, परत काढूनही मिळणार नाहीत. जवळपास चारशे वर्षं त्यानं ती ऊन-पावसापासून जपली. माणसाच्या हातापासून मात्र त्याला स्वतःला वाचवता येत नाही. बोटाचा घाम आणि तेल, ओला श्वास, गिलाव्यावर नाव कोरायची हौस, यांनी रंग हळूहळू जातो.

म्हणून खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या वाचकांना आग्रहानं सांगतो: अजिंठ्याला जसे जाता, तसे एकदा बुऱ्हाणपूरला जा. खरबुजा महालात मुलांना घेऊन जा, डोळे सरावेपर्यंत थांबा, फुलं मनसोक्त पाहा, पण भिंतीला हात लावू नका.