पुळणीवरचे दफ्तर

पेशवाईचा कारभार ज्यांनी दीर्घकाळ आपल्या मुठीत ठेवला, त्या नाना फडणविसांचे मूळ गाव वेलास. आणि सावित्रीच्या मुखाजवळ, सुरूच्या बनाआड वसलेल्या त्या गावाच्या पुळणीवर २००२ सालापासून समुद्री कासवांचा जो हिशेब चालू आहे, त्यात बाहेरगावाहून येऊन हात लावणाऱ्यास ना सनद मिळते ना तनखा, तरीही तो हिशेब काटेकोरपणात कोणत्याही सरकारी दफ्तरास हार जाणार नाही, असे मला निश्चयपूर्वक वाटते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन तो आरंभिला.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी दीड फूट खोल खड्डा उकरून त्यात शंभरावर अंडी घालते आणि वाळू लोटून उजाडण्यापूर्वी निघून जाते. कोल्ह्याकुत्र्यांनी तो ठेवा उकरण्याआधी तेथे पोचावे म्हणून हे काम करणारे कासवमित्र पहाटेच पुळण पालथी घालतात. वर चढलेली आणि परत फिरलेली अशी दुहेरी वाट सापडली, की काठीने वाळू हलकेच चाचपतात. काठी जेथे सहज रुतते तेथे हाताने उकरू लागतात. पिंगपाँगच्या चेंडूएवढे, किंचित दबणारे ते ओलसर अंडे प्रथमच माझ्या तळहातावर ठेवताना एक वयस्क कासवमित्र म्हणाले, “फिरवू नका हां; जसं होतं तसंच ठेवा.” आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूस चिकटतो, त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावतो. मग अंड्यांच्या रक्षणासाठी घातलेल्या कुंपणातील तितक्याच खोल खड्ड्यात अंडी मोजून ठेवायची आणि तारीख, जागा, संख्या वहीत लिहायची.

सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात तेव्हा पर्यटकांची दाटी होते. परंतु मला त्यानंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. रिते घरटे पुन्हा उकरून फाटकी टरफले एकेक करून वेगळी ठेवायची, न फुटलेली अंडी निराळी मोजायची, वाळूत अडकलेले एखादे पिल्लू सोडवायचे. दुर्गंधीमुळे पुष्कळजण येथून काढता पाय घेतात. पण घरटे सफल झाले की विफल, याचा निवाडा केवळ या टरफलांवरून होतो. नुसत्या कळवळ्यातून तो होत नाही.

अशा क्षुल्लक भासणाऱ्या नोंदीचे सामर्थ्य २०२५ साली गुहागरला दिसले. तेथे अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला आढळला. त्यावरील ०३२३३ या अंकाचा माग २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर केलेल्या नोंदीपाशी जाऊन पोचला. दोन्ही किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परांशी काही संबंध असेल काय, या प्रश्नाला त्या एका अंकाने प्रत्यक्ष पुरावा दिला. आणि बिल्ला ठोकणारा हात व तो वाचणारा डोळा यांपैकी एकानेही हयगय केली असती, तर तो पुरावा समुद्रातच राहिला असता.

वाळूचे तापमानही आता नोंदले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. वाळू २९-३० अंशांहून अधिक तापत राहिली तर निपजतात त्या बहुधा माद्या; थंड वाळूत नर. इवलेसे पिल्लू वरून पाहून हा भेद ओळखता येत नाही. मादी निदान अंडी घालण्यास परत येते. नर मात्र जन्मतःच समुद्रात शिरला की सहसा पुन्हा किनाऱ्यास लागत नाही, आणि आपल्या दफ्तरी त्याची एवढीच नोंद राहते, की त्या सकाळच्या पिल्लांत तोही मोजला गेला होता.