पर्वतीवरून पाहिलेली लढाई

खडकीत शेजारपाजारचं कुणी आईला विचारायचं, "मुलगी काय करते?" आई सांगायची, "विद्यापीठात जाते." शिकते असं नाही, जाते. मार्च २०२० मध्ये ते जाणंच थांबलं, आणि मी काय करते हे सांगायला आईजवळ क्रियापद उरलं नाही.

सकाळी बाजारातून निघायचं, रुळांपलीकडे रेंजहिल्सच्या झाडांखालून चालत सुटायचं. पाऊण तासाची पायपीट. त्या वाटेवर घरातली मी थोडीथोडी मागे राहायची. जयकर ग्रंथालयात शिरेपर्यंत मी कुणाची मुलगी नसायचे, कुणाची ताई नसायचे. नुसती एम.ए. इतिहासाची विद्यार्थिनी.

मग ती वाट पलंगापासून खिडकीपर्यंत आखडली, कारण रेंज खिडकीतच यायची. तास सुरू असताना आतून हाक यायची, "घरीच आहेस ना, दूध बघ गं जरा." तिचं काही चुकत नव्हतं. मी घरीच तर होते.

वर्गात मी फार मन लावून ऐकायचे, असं नाही. पण तिथे आळसालाही सोबत होती. शेजारणीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहिला की धीर यायचा. फोनवर नुसती काळ्या चौकटींतली नावं. तिथे न कळणंही एकटीचं झालं, आणि एकटीचं झाल्यावर ते लाजेसारखं लपवावंसं वाटू लागलं. "आवाज येतोय ना?" सर विचारायचे. "येतोय सर" एवढं टाइप केलं की माझी हजेरी संपायची.

एके दुपारी सर खडकीच्या लढाईवर आले. ५ नोव्हेंबर १८१७. बापू गोखल्यांचे घोडेस्वार त्वेषाने सुटलेले, वाटेतल्या दलदलीत घोडे फसलेले. आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून हे सगळं पाहत उभा. त्याला पळपुटा म्हणत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. लढाई गणेशखिंडीच्या माळावर झाली, म्हणजे माझ्या रोजच्या वाटेच्या आसपास. आणि मी ती खडकीतच बसून, कॅमेरा बंद करून, वीतभर काचेत पाहत होते. माझं शिक्षणही असंच तिकडे कुठेतरी चाललेलं. मी आपली माझ्या पर्वतीवर.

परीक्षा खिडकीतच दिली. २०२१ च्या पावसाळ्यात एम.ए. झाले, आणि वर्ग उघडले ऑक्टोबरात.

तेव्हा एका सकाळी उगाचच जुनी सॅक पाठीला लावून निघाले. बाजारातले किराणावाले काका शटर वर करत होते. "काय गं, कॉलेजला का?"

"हो काका," म्हटलं, आणि रुळांच्या दिशेने चालू लागले.