पिक्सेलचा हट्ट

लेआउटच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास येतं. "युजर आधी इथे बघणार, मग इथे क्लिक करणार." कोण हा युजर बुवा? माझ्या शेजारच्या डेस्कवरची मुलगी अर्ध्या स्क्रीनवर एक्सेल आणि उरलेल्या अर्ध्यात ब्राउझर ठेवते. माझे बाबा फोनवर अक्षरं इतकी मोठी करतात की ओळीत जेमतेम चार शब्द मावतात. आणि मी? चौदा टॅब उघडे, होमपेज कुठल्याच साइटचं पाहिलेलं नाही, सर्चमधून थेट मधल्या पानावर उडी!

पूर्वी यावर एक आळशी उपाय होता. रुंदी ९६० पिक्सेल ठोकून द्यायची. १०२४ बाय ७६८ च्या मॉनिटरवर छान बसायची, शिवाय ९६० ला ३, ४, ५, ८, १२ कशानेही भाग जातो, म्हणजे कॉलम पाडायला सोपं. सोय आपली, वाचणाऱ्याची नव्हे. जॉन ऑलसॉप यांनी २००० सालीच लिहिलं होतं की छापील पानावरचा ताबा वेबवर मागू नका. ईथन मार्कोट यांचा 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख यायला २०१० उजाडलं. असो.

गेल्या वर्षी बाबा एका साइटवर फॉर्म भरत होते. शेवटची तारीख. अर्धा तास खपून सगळं भरलं आणि 'पुढे' बटणच सापडेना. तळाला चिकटवलेली सूचनेची पट्टी मोठ्या अक्षरांमुळे फुगली होती, बटण तिच्याखाली दडलेलं. अक्षरं लहान केली तर बटण दिसलं, पण मग त्यांना वाचता येईना. शेवटी अंदाजानेच दाबलं. फोनवर मला म्हणाले, "मला आता हे जमत नाही रे." दोष पट्टीचा, पण त्यांनी तो स्वतःकडे घेतला. तेव्हापासून असले फॉर्म माझ्यासाठी राखून ठेवतात.

मराठीत तर आणखी गंमत. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधली की अक्षर मोठं झाल्यावर 'पुढे'चा उकारच कापला जातो. उंची देऊच नका, पॅडिंग द्या, मापं रेममध्ये ठेवा, बटण आपोआप वाढेल. आणि तपासायला फार काही लागत नाही. खिडकी १२८० पिक्सेल रुंद करा, झूम ४०० टक्के. म्हणजे पानाला उरतात ३२०. तेवढ्यातही मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, असं २०१८ चं डब्ल्यूसीएजी २.१ सांगतं. बरीच देखणी पानं इथेच कोलमडतात...

सोमवारी आमच्याकडे अशाच एका तळाच्या पट्टीवरून पुन्हा वाद आहे. मार्केटिंगला ती हवीच आहे. ठीक आहे, राहू दे. पण चिकटून न बसता पानाबरोबर सरकली पाहिजे, एवढं तरी पदरात पाडून घेणार आहे.